नळीवरून नाव देऊ नये

मालवणहून पार्सल आलं ते संत्रा बर्फीच्या डब्यात:
कालवाची एक शिंप, स्पिरिटात बुडवलेली,
आणि तिच्या पाठीवर चुन्याच्या बारीक पांढऱ्या नळ्या,
जणू कुणी पोरानं खडूनं
'ग' काढता काढता कंटाळून सोडून दिलेला.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कूलर खडखडतो,
त्याच्या गवतावर बोअरच्या पाण्याचा खार साचलाय
तसाच पांढरा, तसाच टणक.
उईके म्हणतो, "मॅडम, याच्यासाठी कोकणात काहून जा लागते?
आपल्या नळाच्या तोटीत पाहा ना."
आमच्या गावाचा समुद्र म्हणजे फुटाळ्याची चौपाटी,
भाजलेलं कणीस, गॅसचे फुगे.
भरती येत नाही तिथं.
ओहोटी येते, दर उन्हाळ्यात.

वासलवार सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते:
नुसत्या नळीवरून नाव देऊ नये.
रिकाम्या नळ्या एकमेकींसारख्याच दिसतात.
आतला जीव बाहेर काढ,
त्याचं बूच पाहा, काटे मोज,
कुठं राहतो यावरून कोण आहे ते कळत नाही.
मी वहीत लिहून घेतलं
आणि खाली दोनदा रेघ मारली.
वस्तीचं नाव सांगितल्यावर
वर्गात पडणारी शांतता मला ठाऊक होती.

सुईच्या टोकानं नळी फोडते.
आत तो. तांदळाच्या कणीएवढा.
डोक्यावर पिसारा, मिटलेला, रंग स्पिरिटानं खाल्लेला.
पिसाऱ्यातलाच एक तंतू फुगून झालेलं बूच.
जिवंत असताना अंगावर सावली पडली
की हा स्वतःला आत ओढून घेतो
आणि दार लावतो.
आजोबांकडंही सावलीच्या गोष्टी होत्या.
त्यांत सावली ज्याची
त्यानंच मागं सरायचं असे.

नामकरणाचा नियम सरळ आहे:
जे नाव आधी छापलं गेलं ते खरं.
मागाहून आलेली सगळी त्याच्या खाली
तिरप्या अक्षरांत निजलेली.
आधीचं नाव कुरूप असो,
अंगाला न शोभणारं असो, तरी तेच.

आमच्या घरात उलट झालं.
आजोबांचं आधीचं नाव कचरू,
पोर जगावं म्हणून ठेवलेलं, जगल्यावरही चिकटलेलं.
छप्पन्नच्या ऑक्टोबरात पांढरे कपडे घालून
सकाळी घरून निघाले ते कचरू,
रात्री चालत परत आले ते सुगत.
रेशनकार्डावर जुनंच राहिलं, अकरा वर्षं.
पोस्टमन जुन्या नावानं हाक मारी
आणि आजोबा अंगणातच बसलेले असून
त्यांना ऐकू येत नसे.
मनीऑर्डरसुद्धा परत गेली एकदा.
आजी त्यावरून मरेपर्यंत बोलली.

जुन्या पाठ्यपुस्तकात स्पीशीजला शब्द होता: जात.
नव्यात प्रजाती.
माझ्याकडं जुनं पुस्तक होतं, सेकंडहँड, सीताबर्डीच्या फुटपाथवरचं.
पेपरात मी प्रजातीच लिहीत आले.

आता हा.
कुठल्याच ओळख-तक्त्यात बसत नाही.
बुचावर शिंगं पाच हवीत किंवा एकही नको,
याला तीन, त्यातलं एक आखूड.
मोडलंय की मुळातच तसं, तेही सांगता येत नाही.
सर फोनवर हसले, "नवा निघाला तर नागपूरचं नाव दे.
समुद्रातला किडा आणि नागपूरकर!"
म्हटलं, बघते.

चिठ्ठी शिसपेन्सिलनंच लिहायची असते,
शाई स्पिरिटात विरघळते.
ठिकाण मालवण. खोली दोन वाव. शिंपेवर चिकटलेला.
गोळा करणारा पराडकर.
नावाच्या जागी एक रेघ ओढते
आणि बरणीचं झाकण फिरवते.

"बिननावाचाच ठेवून राह्यल्या का मॅडम?"

राहू दे, उईके, थोडे दिवस.
एकदा छापलं
की माझ्यानंही बदलता येणार नाही.